वाळूमाशीचं सर्वेक्षण: मराठवाड्यातल्या गोठ्यात, गढीत आणि भिंतीच्या भेगेत

"काय शोधायलाव बाबा भितीत? पाली धरायलाव का?" पहाटे सहाला माळवदाच्या घरातल्या गोठ्यात बॅटरी तिरकी धरून उभं राहिलं की घरातल्या आजी हा प्रश्न विचारतातच. नळीत अडकलेली वाळूमाशी त्यांना दाखवली की म्हणतात, "हे होय! हे तर केमरं." केमरं नव्हे, पण आजींची नजर वाईट नाही. दोन-तीन मिलिमीटरचा, धुळीच्या रंगाचा तो कण भल्याभल्यांना दिसत नाही. मलाही पहिले चार दिवस दिसला नव्हता.

हा लेख त्या कणाच्या मागावर जाणाऱ्यांसाठी आहे: हिवताप विभागातले कीटक समाहारक, आरोग्य सेवक, प्राणिशास्त्राचे एम.एस्सी.चे विद्यार्थी, नाहीतर एखाद्या गावात अभ्यास हाती घेतलेले शिक्षक. डासांचं सर्वेक्षण केलेलं असेल तर निम्मं काम येतंच. उरलेल्या निम्म्यात मात्र डासांच्या सवयी आडव्या येतात, म्हणून त्याच जागी मी जास्त रेंगाळणार आहे.

इथं काळा आजार नाही, मग शोधायचं कशाला?

हा प्रश्न सरपंच विचारतील, वरिष्ठही विचारतील, म्हणून उत्तर तयार ठेवा. काळा आजार म्हणजे लांबत जाणारा ताप आणि वाढणारी पानथरी; तो लीशमॅनिया डोनोवानी या परजीवीमुळे होतो. देशातले त्याचे ५४ जिल्हे बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमधले आहेत, मराठवाडा त्यात नाही. पण हा परजीवी वाहून नेणारी फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस ही वाळूमाशी त्या चार राज्यांपुरती राहत नाही. ती देशाच्या बऱ्याच भागांत, महाराष्ट्रातही आहे. भारतात या परजीवीचा साठा माणसातच असतो, जनावरात नाही. काळा आजार बरा झाल्यावर काहींच्या अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी उठतात, आणि अशा माणसाच्या त्वचेत परजीवी वर्षानुवर्षं टिकू शकतो. साखर कारखाने, वीटभट्ट्या, रस्त्यांची कामं यांवर त्या राज्यांतली माणसं इकडे येतात, राहतात. माशी इथं आहेच, परजीवी पाहुणा म्हणून येऊ शकतो. दोघांची गाठ पडण्याआधी माशी कुठं आणि किती आहे हे लिहून ठेवलेलं बरं.

दुसरं कारण आपल्या अगदी घरचं आहे. चंडीपुरा हा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चंडीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात सापडला. पुढे वाळूमाशांतून तो वेगळा केला गेला तो औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. त्याची नोंद १९७० साली प्रसिद्ध झाली. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात चंडीपुराच्या मेंदूज्वराने ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ दगावली. त्या वेळी करीमनगर (आता तेलंगणात) भागातल्या सर्जेंटोमिया गटाच्या वाळूमाशांतही तो आढळला. नांदेडहून करीमनगर किती लांब आहे ते नकाशात बघा. चंडीपुरा परजीवी नाही, विषाणू आहे, त्याची तपासणी वेगळी. माशी धरण्याची रीत मात्र एकच.

माशी ओळखा, आणि डास विसरा

डास पाण्यात वाढतो, वाळूमाशी वाढत नाही. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसेपर्यंत गावात जाऊ नका. मी नवशिक्यांना गटारात डिपर, म्हणजे डासांच्या अळ्या काढायचा पळा, बुडवताना पाहिलंय, आणि पहिल्या आठवड्यात स्वतःही बुडवलाय. वाळूमाशीची मादी ओलसर, सावलीतल्या, कुजक्या मातीत अंडी घालते: गोठ्याच्या कडेची शेण-मूत मुरलेली माती, उंदराचं बीळ, पडक्या भिंतीचा पाया. अळीच्या चार अवस्था, मग कोष, मग माशी, असा अंड्यापासूनचा प्रवास साधारण महिना-दीड महिन्याचा. थंडीत तो आणखी लांबतो.

प्रौढ माशी दीड ते साडेतीन मिलिमीटरची असते. अंगभर केस, डोळे काळे, पाय अंगाच्या मानाने लांब. बसलेली असताना पंख पाठीवर उभे आणि एकमेकांपासून फाकलेले, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. डास पंख मिटून बसतो, त्यामुळे एकदा हा फरक डोळ्यांत बसला की लांबूनही चूक होत नाही. दुसरी खूण म्हणजे हालचाल. नळीच्या टोकानं भिंत हळूच टोकरली तर डास सरळ उडून जातो. वाळूमाशी मात्र टुणकन वीतभर बाजूला सरकते, पुन्हा बसते, पुन्हा सरकते. तिची उडण्याची ताकद कमी, आवाज नाही. वाऱ्याची जरा झुळूक आली तरी ती बाहेर पडत नाही. चावते फक्त मादी, बहुधा संध्याकाळनंतर. नेहमीच्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आत शिरू शकते, हेही गावात सांगून ठेवा.

गाव निवडताना

एक गाव नीट केलेलं दहा अर्धवट गावांहून बरं. गावात मी दोन प्रकारची ठिकाणं ठेवतो. सहा-आठ घरं स्थिर, म्हणजे प्रत्येक फेरीत तीच घरं. चार-सहा घरं फिरती, दर वेळी नवीन. स्थिर घरांवरून ऋतूप्रमाणे होणारा चढउतार कळतो आणि फिरत्या घरांवरून गावातला पसारा.

घरं निवडताना गावातल्या बांधणीचे सगळे नमुने यावेत. आपल्याकडे पांढरीच्या मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद अशी घरं अजून आहेत. दगड-मातीची घरं आहेत, विटा-सिमेंटची आहेत, पत्र्याची आहेत. माणसं आणि जनावरं एकाच छताखाली राहतात अशी घरं नक्की घ्या. अर्जेंटिपीसला गुरांचं रक्त आवडतं, आणि देवणी गाय जिथं बांधली आहे तिच्यापासून पाच हातांवर बाज टाकून माणूस झोपत असेल, तर ते ठिकाण मोजायलाच हवं. पण घरांवर थांबू नका. पडकी गढी, बुजत आलेली बारव, वापरात नसलेलं पेव किंवा बळद, गावाबाहेरचं वारूळ, झाडाची ढोली, कडब्याच्या गंजीची सावलीकडची बाजू, या जागी सर्जेंटोमिया गटाच्या माशा जास्त मिळतात. त्या गटाच्या बऱ्याचशा माशा पाली-सरड्यांवर जगतात. गढीत पाली भरपूर, म्हणून माशाही भरपूर. गावकऱ्यांना गढीचीच भीती जास्त, आणि आपली काळजी मात्र गोठ्याची. हे सांगताना जरा सांभाळून सांगावं लागतं.

ऊसतोडीला गेलेल्या गावांची एक अडचण आहे. बीड जिल्ह्यातल्या कित्येक वस्त्या दिवाळीनंतर निम्म्या रिकाम्या होतात, जनावरंही बरोबर जातात. तुमचं स्थिर घर कुलूपबंद मिळालं तर शेजारचं घर घेऊन त्याच रकान्यात आकडा भरू नका. "घर बंद, जनावर नाही" एवढंच लिहा.

आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत पत्र द्या, आशाताईंना बरोबर घ्या, घरमालकाची परवानगी घ्या आणि पहाटे किती वाजता येणार ते स्पष्ट सांगा. सहा वाजता घरात बायामाणसं झोपलेली असतात. आशाताई आधी आत गेल्या की सगळं सोपं होतं. देवघराच्या भिंतीला नळी लावायची नाही, मग तिथं माशी बसलेली दिसली तरी.

नळी आणि बॅटरी: पहाटेची हातपकड

सर्वेक्षणाचा कणा हाच. लागतं काय, तर चोषक नळी, चांगली बॅटरी, झाकणाच्या परीक्षानळ्या किंवा कापडी तोंडाचे पेले, कापूस, पेन्सिल, घड्याळ. काचेची किंवा प्लॅस्टिकची पारदर्शक नळी, तिला रबरी नळी, आणि दोन्हींच्या जोडावर बारीक जाळीचं कापड. डासांच्या चोषकात लावतात ते कापड चालत नाही, त्यातून वाळूमाशी तोंडात येते. गोठ्यातली धूळ, शेणाची भुकटी, माशीच्या अंगावरचे केस फुप्फुसात जाऊ नयेत म्हणून जोडावर गाळणी लावा, नाहीतर पंख्यावर चालणारा चोषक वापरा. तोंडानं ओढायची जुनी पद्धत मी वर्षानुवर्षं वापरली. त्याचा खोकला अजून आहे.

वेळ पहाटे सहा ते आठ. रात्रभर फिरून माशी विसाव्याला भिंतीवर आलेली असते आणि अजून भेगेत खोल शिरलेली नसते. ऊन चढलं की ती आत जाते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे सात वाजताच भिंत तापायला लागते, तेव्हा साडेपाचला सुरुवात करा.

एका घरात पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. आधी गोठा, मग झोपायची खोली, मग ओसरी. भिंत जमिनीपासून सुमारे सहा फुटांपर्यंत बघा. वाळूमाशी फार वर बसत नाही, काळ्या आजाराच्या जिल्ह्यांत घरफवारणीही सहा फुटांपर्यंतच करतात ती यामुळेच. बॅटरी भिंतीला समोरून मारायची नाही. भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरकी धरली की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, आणि माशीची सावली माशीहून मोठी दिसते. त्या सावलीवर नजर ठेवा. नळीचं तोंड हळूच वरून न्या आणि एकच छोटा श्वास ओढा. जोरात ओढलं तर माशीचे पाय तुटतात, आणि पायांशिवाय तिची ओळख अवघड होते.

कोपरे, गव्हाणीमागची भिंत, चौकटीच्या फटी, टांगलेली जुनी पोती, रांजणामागचा ओलावा, या जागा सोडू नका. भेगेत बोट मात्र घालू नका. मराठवाड्यात त्या भेगेवर विंचवाचा हक्क तुमच्या आधीचा आहे. बैलाच्या मागच्या बाजूनं जायचं नाही हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, शहरातून आलेल्या विद्यार्थ्याला सांगावं लागतं.

संध्याकाळी गोठ्यात थांबायची संधी मिळाली तर एक गंमत बघा. अर्जेंटिपीसचे नर जनावराच्या अंगावर घोळक्यानं जमतात, पंख थरथरवत जागा धरतात आणि मादी रक्त प्यायला आली की तिथंच जुळतात. गायीच्या पाठीवर बॅटरी तिरकी मारली तर ही जत्रा दिसते. यामुळे गोठ्यातल्या पकडीत कधी कधी नरच नर येतात. त्याचा अर्थ माद्या नाहीत असा नव्हे.

प्रकाश सापळा आणि एरंडेलाचा कागद

सीडीसी प्रकाश सापळा म्हणजे छोटा दिवा, खाली पंखा आणि त्याखाली पिशवी, सगळं सहा व्होल्टच्या बॅटरीवर. संध्याकाळी सहाला लावा, सकाळी सहाला काढा. खोलीच्या किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात, भिंतीपासून साधारण अर्धा फूट, आणि पिशवीचा तळ जमिनीच्या अगदी जवळ, दोन-चार इंचांवर. डासांसाठी सापळा उंच टांगायची सवय असते. वाळूमाशी जमिनीलगत टुणटुणत जाते, उंच सापळ्याला ती फारशी येत नाही.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या हंगामात बारा रात्री सापळे लावले आणि बाराही सकाळी पिशव्यांत वाळूमाशी शून्य. चिलटं, पतंग, डास सगळे होते. गावात वाळूमाशीच नाही असं मी लिहायला निघालो होतो. तेराव्या सकाळी पिशवी काढताना तिच्या बाहेरच्या अंगावर एक माशी बसलेली दिसली, पंख फाकवून, निवांत. पिशवी डासांची होती, तिची जाळी वाळूमाशीला वेशीसारखी होती. रात्रभर माशा आत येऊन बाहेर पडत होत्या. तेव्हापासून पिशवी आधी ऑर्गंडीच्या किंवा बारीक मलमलीच्या कापडाची शिवून घेतो. ते बारा शून्य मी वहीतून खोडले नाहीत, त्यांच्यापुढे "पिशवीची जाळी मोठी, नोंद बाद" असं लिहिलं.

मुंग्या हा दुसरा शत्रू. दोरीला ग्रीसचं बोट फिरवलं नाही तर सकाळी पिशवीत फक्त पंख मिळतात. पौर्णिमेच्या आसपास प्रकाश सापळ्याचा पल्ला कमी पडतो, म्हणून नोंदवहीत तारखेशेजारी तिथीही लिहा. सकाळी पिशवीतल्या माशा मारायला ती डीप फ्रीजरमध्ये ठेवतात. पण उपकेंद्रातल्या लसीच्या फ्रीजला हात लावू नका. बर्फाचा थर्माकोलचा डबा घेऊन जा.

चिकट कागद हा गरिबाचा सापळा, आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. तो कुणाला बोलवत नाही, वाटेत जो येईल त्याला धरतो. एफोर आकाराचा पांढरा कागद एरंडेलात बुडवून निथळा, आणि काडीला लावून उंदराच्या बिळापाशी, भिंतीच्या भेगेसमोर किंवा गढीच्या कोनाड्यात उभा ठेवा. एरंडेलच का? इतर बहुतेक खाद्यतेलांसारखं ते नाही, ते अल्कोहोलमध्ये विरघळतं. सकाळी अल्कोहोलात बुडवलेल्या बारीक ब्रशनं माशी उचलली की तेल सुटतं आणि माशी स्वच्छ निघते. हिशेबही सोपा आहे. एफोर कागद चौरस मीटरचा सोळावा भाग, दोन्ही बाजू धरल्या तर आठवा. म्हणजे आठ कागद लावले की बरोबर एक चौरस मीटर झाला.

उन्हाळ्यात धूळ उडते तेव्हा कागद दोन तासांत मातकट होतो, अशा दिवसांत बाहेर लावू नका. आणि कोंबड्या असलेल्या घरी कागदाभोवती पाटी उपडी ठेवा. एका घरी पाच कागदांवरची पकड कोंबडीनं पहाटेच टिपून टाकली होती, आणि मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या की तेल खाल्लेली कोंबडी आता मरते की काय. मेली नाही.

मातीतून अळ्या शोधायची रीतही आहे: गोठ्याच्या कडेची माती साखरेच्या किंवा मिठाच्या दाट द्रावणात ढवळायची आणि वर तरंगणारं गाळून बघायचं. दिवसभर राबून दोन अळ्या मिळतात. हौस असेल तरच करा.

माणसाला उघड्या अंगानं बसवून चावायला आलेल्या माशा धरायच्या, हे मात्र करू नका. चंडीपुरा जिथं फिरलेला आहे तिथं तर नाहीच.

चिठ्ठी नळीच्या आत

पकडलेली माशी लगेच ७० टक्के अल्कोहोलात टाका. ९५ टक्क्यांचं अल्कोहोल असेल तर त्याचे ७४ मिली घेऊन पाण्यानं १०० करा. डीएनए तपासायचा असेल तर पाणी घालू नका, ९५ टक्क्यांतच ठेवा. चिठ्ठी पेन्सिलनं, जाड कागदावर, नळीच्या आत. बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळून नळीत निळं पाणी होतं. बाहेर चिकटवलेलं लेबल गाडीत घासून निघतं, आणि नाव नसलेली नळी कितीही भरलेली असली तरी फेकून द्यावी लागते. चिठ्ठीवर गाव, घर क्रमांक, गोठा की खोली, पद्धत, तारीख आणि पकडणाऱ्याची आद्याक्षरं. एका जागेची एक नळी.

विषाणूसाठी माशा हव्या असतील तर अल्कोहोल चालत नाही, त्या थंड साखळीतून जाव्या लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळेशी आधी बोलणं झालं असेल तरच त्या वाटेला जा. बर्फ संपल्यावर फोन करून उपयोग नाही.

नोंदवहीत तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस, जनावरांची संख्या, भिंतीचा प्रकार आणि शेवटची घरफवारणी कधी झाली ते लिहा. आणखी एक रकाना मी घालायला शिकलो: सारवण किंवा रंग केव्हा झाला. पोळ्याला गोठा झाडला जातो, दिवाळीला भिंती लिंपल्या जातात, भेगा बुजतात. दिवाळीनंतर माशा घटल्या तर त्याचं सगळं श्रेय थंडीला देण्याआधी त्या घरच्या बाईच्या हाताकडे बघा.

सूक्ष्मदर्शकाखाली

पहिली चाळणी हातभिंगानं होते. फ्लेबोटोमस गटात पोटावरचे केस उभे असतात, सर्जेंटोमिया गटात ते पाठीवर झोपलेले. अल्कोहोलात केस ओले होऊन चिकटतात, म्हणून हा निर्णय कच्चा समजा. अर्जेंटिपीसचा अर्थच चांदीच्या पायांची. कोरड्या माशीचे पाय तिरप्या उजेडात खरंच रुपेरी चमकतात.

पक्क्या ओळखीसाठी काचपट्टी करावी लागते. माशी दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवा, म्हणजे आतलं मांस विरघळून कवच पारदर्शक होतं. मग पाणी, त्यात ॲसेटिक ॲसिडचे दोन थेंब, मग चढत्या टक्क्यांचं अल्कोहोल, मग लवंगेचं तेल, शेवटी कॅनडा बाल्सम हा पारदर्शक डिंक. प्रयोगशाळेत दिवसभर लवंगेचा वास येतो, जेवणाची भूक मरते. घाई असेल तर बर्लेझच्या माध्यमात थेट बसवा, पण ती पट्टी वर्षानुवर्षं टिकेल अशी आशा ठेवू नका.

इथलं खरं कौशल्य डोकं वेगळं करण्यात आहे. दोन बारीक सुयांनी मान तोडा आणि डोकं उताणं, खालची बाजू वर करून ठेवा. आपल्याला तोंडाच्या पोकळीतले दात बघायचेत. सर्जेंटोमियात तिथं दातांची ठळक रांग असते, फ्लेबोटोमसमध्ये नसते किंवा नावापुरती असते. डोकं कुशीवर पडलं तर दात दिसत नाहीत आणि अख्खी माशी वाया जाते. मादीत पोटाच्या टोकाकडची शुक्राणूपिशवी बघा. फ्लेबोटोमसमध्ये ती वळ्यावळ्यांची असते, सर्जेंटोमियात बहुधा गुळगुळीत. नराचे चिमट्यासारखे अवयव बाहेरच असतात, त्यामुळे नर ओळखायला सोपे. नवशिक्यांनी सुरुवात नरांपासून करावी. प्रजातीपर्यंत जाताना ओळखकिल्ली, म्हणजे खुणांवरून प्रजाती ठरवायचा तक्ता, हाताशी ठेवा आणि पहिल्या पन्नास पट्ट्या जाणत्या कीटकशास्त्रज्ञाला दाखवा.

मादीचं पोट बघून तिची अवस्था लिहा: उपाशी, ताजं रक्त प्यायलेली, अर्धी अंडी भरलेली, पूर्ण अंडी भरलेली. गोठ्यात ताज्या रक्ताच्या माद्या खूप आणि झोपायच्या खोलीत अंडी भरलेल्या जास्त, असं चित्र दिसलं तर माशी जेवायला कुठं जाते आणि विसाव्याला कुठं येते हे त्यातून उलगडतं.

परजीवी शोधताना जपून बोला

जिवंत मादी असेल तर काचपट्टीवर सलाईनच्या थेंबात पोटाचं टोक सुईनं हलकेच ओढा. आतडं बाहेर येतं. ४०० पट मोठं करून बघा. लीशमॅनिया असेल तर एका टोकाला शेपटी असलेले लांबट जीव वळवळताना दिसतात. मराठवाड्यात शेकडो माद्या चिरून काहीच दिसणार नाही, हीच शक्यता मोठी, आणि ते चांगलंच आहे. मेलेल्या माशांवर पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधायची चाचणी, करता येतो. एकाच प्रजातीच्या, एकाच गावच्या माद्या गटानं घेतात, त्यात ताज्या रक्ताच्या माद्या वेगळ्या ठेवतात.

पीसीआर होकारार्थी आला म्हणून "रोगवाहक सापडला" अशी बातमी देऊ नका. मादीनं नुकतंच कुणाचं तरी परजीवी असलेलं रक्त प्यायलं असेल, तरी चाचणी होकार देते. वाहक सिद्ध व्हायला ती माणसाला चावते, तिच्या आतड्यात रक्त पचल्यावरही परजीवी वाढतो, आणि ती तो दुसऱ्यात सोडते, हे सगळं दाखवावं लागतं. भारतात हे दाखवायला दशकं लागली. स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ साली स्वयंसेवकांना अर्जेंटिपीस चाववून काळ्या आजाराचा प्रसार सिद्ध केला. त्याआधी प्रयोग अडत होते, कारण एकदा रक्त प्यायलेली माशी पुरेशी जगत नव्हती. तिला मनुके खायला दिले, गोड मिळालं, आणि परजीवी तिच्यात जोमानं वाढू लागला. शेताकडेच्या माशीला फुलाफळांचा रस आयताच मिळतो, प्रयोगशाळेत ते उशिरा सुचलं.

हिशेब

हातपकडीचा आकडा माणशी-ताशी घनतेत द्यायचा, ऑफिसात त्याला मॅन-अवर डेन्सिटी म्हणतात. समजा दोघांनी मिळून आठ घरं पाहिली, प्रत्येक घरात दोघंही पंधरा मिनिटं. म्हणजे २ × ८ × १५ = २४० मिनिटं, चार माणशी-तास. माशा मिळाल्या २२. घनता साडेपाच. हे सगळ्या वाळूमाशांचं एक आणि प्रत्येक प्रजातीचं वेगळं, नर-मादी वेगळे. प्रकाश सापळ्याचं "दर सापळा दर रात्र" आणि चिकट कागदाचं "दर चौरस मीटर दर रात्र". हे तीन आकडे एकमेकांशी ताडून बघू नका, बेरीज तर मुळीच नको. वर्षातून निदान चार फेऱ्या करा: मे, पावसाच्या तोंडावर, पोळ्याच्या सुमारास आणि दिवाळीनंतर. जमलं तर दर महिन्याला.

शून्य आलं तर ते लाजून पुसू नका. "चार माणशी-तास शोधलं, सहा सापळा-रात्री लावल्या, अर्जेंटिपीस शून्य" ही नोंद दहा वर्षांनी कुणाच्या तरी कामी येईल. नुसतं "आढळली नाही" कुणाच्याच कामाचं नाही, कारण शोधलं होतं की नाही हेच त्यातून कळत नाही.

घनता जास्त निघाली तर ग्रामपंचायतीला लगेच करता येतील अशा गोष्टी सांगा: भेगा सहा फुटांपर्यंत लिंपा, शेण-मूत मुरलेली माती खरवडून उकिरडा घरापासून लांब न्या, बारीक जाळीची मच्छरदाणी वापरा, माणसाची बाज गोठ्यातून हलवा. आरोग्य केंद्राला वेगळं सांगा. दोन आठवड्यांहून जास्त ताप, पानथरी वाढलेली, हिवतापाच्या आणि प्रतिजैविकांच्या औषधांनी उतार नाही, आणि माणूस काळ्या आजाराच्या जिल्ह्यातून आलेला, असा रुग्ण दिसला तर आरके-३९ ही झटपट चाचणी करायला पाठवा.

पुढची फेरी त्याच घरांत, त्याच वेळी. आदल्या रात्री सापळ्यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावा, पण आधी गावात लाईट किती वाजता जाते ते विचारून घ्या.